यंत्राच्या गाभ्याची भाषा

भामरागड तालुक्यातल्या एखाद्या टोल्यावर आशाताई सातव्या दिवसाच्या भेटीला जातात. झोळीच्या काट्यावर बाळाचे वजन घेतात, काखेत थर्मामीटर लावतात, बाळ अंगावर नीट पिते का ते आईला विचारतात. आकडे आधी वहीत उतरतात आणि रेंज मिळाली की मोबाइलमध्ये जातात. घरी जाऊन नवजात बाळाची अशी काळजी घ्यायची पद्धत याच जिल्ह्यात, शोधग्राममध्ये सिद्ध झाली आणि मग देशभर गेली. ती कहाणी वाचकांना ठाऊक आहे. आजची कहाणी त्या मोबाइलच्या आतली आहे.

आशाताईंनी बटण दाबले की पडद्यावरचे अॅप स्वतः काहीच करू शकत नाही. आकडे साठवायला जागा हवी, टॉवरकडे संदेश धाडायचा, त्याच वेळी फोन आला तर घंटी वाजली पाहिजे, बॅटरी संपत आली तर ते कळले पाहिजे. हे सगळे एक अदृश्य कार्यक्रम सांभाळतो. संगणकशास्त्रात त्याला कर्नल म्हणतात, म्हणजे गाभा. शरीराशी तुलना करायची तर तो मेंदूच्या बुडाचा भाग आहे. विचार करणे, गाणे म्हणणे, हिशेब करणे ही वरच्या मेंदूची कामे. श्वास, हृदयाचे ठोके, रक्तदाब हे मात्र बुडाकडून चालते आणि तिथे मोहरीएवढी गुठळी झाली तरी माणूस दगावतो. संगणकाच्या गाभ्याचेही तसेच आहे. अॅप बिघडले तर बंद करून पुन्हा उघडता येते. गाभा बिघडला तर सगळेच थांबते.

असा गाभा कोणत्या भाषेत लिहायचा, हा प्रश्न पन्नासेक वर्षांपूर्वी एका अबोल माणसापुढे आला होता. त्याने दिलेले उत्तर आज अँड्रॉइड फोनमध्ये आहे, दवाखान्यातल्या अनेक मॉनिटरमध्ये आहे आणि जगातल्या बहुतेक सर्व्हरमध्येही आहे. त्या उत्तराचे गुण आपण रोज वापरतो. त्याच्या दोषांची किंमत काही रुग्णालयांनी मोजली आहे.

डेनिस रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील ब्राँक्सव्हिल येथे झाला. वडील अॅलिस्टर रिची बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या संशोधन संस्थेत होते. टेलिफोन एक्स्चेंजमधली जोडणी-तोडणी करणाऱ्या मंडलांवरचे एक मान्यताप्राप्त पुस्तक त्यांनी सहकाऱ्यांबरोबर लिहिले होते. कुटुंब पुढे न्यू जर्सीतील समिट गावी राहायला गेले आणि डेनिस यांचे शालेय शिक्षण तिथेच झाले. १९६३ मध्ये त्यांनी हार्वर्ड विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेतली. मग ते उपयोजित गणिताकडे वळले. संगणकाने सोडवायचे प्रश्न किती अवघड असतात आणि ते अवघडपण मोजायचे कसे, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. प्रबंध १९६८ मध्ये लिहून पूर्ण झाला. पीएचडी मात्र मिळाली नाही, कारण प्रबंधाची बांधीव प्रत ग्रंथालयात जमा करण्याची अट त्यांनी कधी पूर्ण केली नाही. काम झाले होते, कागद द्यायचे राहिले. सरकारी कचेरीत ज्यांचा जन्म गेला त्यांना हे वाचून गंमत वाटेल. रिची यांनी मात्र त्याची फारशी फिकीर केलेली दिसत नाही.

१९६७ मध्ये ते वडिलांच्याच संस्थेत, न्यू जर्सीतील मरे हिलच्या बेल लॅब्जमध्ये रुजू झाले. तिथे तेव्हा मल्टिक्स नावाचा मोठा प्रकल्प चालू होता. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज मिळून एक अशी प्रणाली उभारत होत्या, जिच्यावर एकाच संगणकाचा उपयोग शेकडो माणसे एकाच वेळी करू शकतील. मल्टिक्सचा गाभा यंत्राच्या सांकेतिक भाषेत न लिहिता वरच्या पातळीच्या, माणसाला वाचता येणाऱ्या भाषेत लिहायचा, असा धाडसी निर्णय झाला होता. निवड झाली पीएल/वन या भाषेची. भाषा भरजरी होती. पण तिचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा अनुवादक, म्हणजे कंपायलर, वेळेवर मिळालाच नाही. शेवटी भाषेचा एक छोटा तुकडा घेऊन काम भागवावे लागले. प्रकल्प लांबत गेला, खर्च वाढत गेला आणि १९६९ मध्ये बेल लॅब्ज त्यातून बाहेर पडली.

मोठ्या प्रकल्पात काम केलेल्या माणसाला तो बंद पडल्यावर काय करावे ते सुचत नाही. रिची यांचे सहकारी केन थॉम्पसन यांना कोपऱ्यात पडलेले एक जुने, फारसे कोणी न वापरणारे पीडीपी-७ यंत्र मिळाले. त्याची स्मृती १८ बिटांच्या ८ हजार शब्दांची, म्हणजे आजच्या फोनवरच्या एका छायाचित्रालाही पुरणार नाही इतकी. १९६९ च्या उन्हाळ्यात थॉम्पसन यांची पत्नी लहान मुलाला घेऊन सासरी गेली आणि त्या एका महिन्यात त्यांनी नव्या प्रणालीचा पहिला सांगाडा उभा केला. तिला पुढे युनिक्स हे नाव पडले. फाइल कशी साठवायची, यंत्राला जोडलेले प्रत्येक उपकरण फाइलसारखेच कसे हाताळायचे, या मूळ कल्पनांमध्ये रिची यांचा मोठा वाटा होता.

हे पहिले युनिक्स असेंब्ली भाषेत लिहिले होते. असेंब्ली म्हणजे काय हे गडचिरोलीच्या माणसाला समजावणे सोपे आहे. या दोन जिल्ह्यांत मराठी आहे, गोंडी आहे, माडिया आहे, दक्षिणेकडे सिरोंचाला तेलुगू आहे, पूर्वेच्या सीमेवर छत्तीसगडी आहे, बंगाली वसाहती आहेत. तापाच्या गोळ्या कशा घ्यायच्या हे माडियात समजावणारा पत्रक-संच तयार केला, तर तो भामरागडला उपयोगी पडेल. सिरोंच्याला तो निरुपयोगी, तिथे पहिल्यापासून सगळे पुन्हा लिहायचे. असेंब्ली भाषा अशीच प्रत्येक जातीच्या यंत्राची खास बोली असते. त्या यंत्राला ती चटकन कळते आणि कामही वेगाने होते. पण यंत्र बदलले की लिहिलेले सगळे वाया जाते. शिवाय वाचायला ती इतकी किचकट असते की, सहा महिन्यांनी लिहिणाऱ्यालाच आपले हस्ताक्षर परके वाटावे.

यावर दोन उपाय असतात. पहिला उपाय दुभाष्याचा. डॉक्टर मराठीत बोलतो, शेजारी उभा असलेला माणूस प्रत्येक वाक्य माडियात सांगतो. काम होते, पण प्रत्येक रुग्णामागे वेळ दुप्पट लागतो आणि दुभाष्या सतत हजर असावा लागतो. दुसरा उपाय म्हणजे मजकूर एकदाच नीट मराठीत लिहायचा आणि प्रत्येक बोलीत आधीच अनुवाद करून छापून ठेवायचा. मग ओपीडीत दुभाष्याची गरज उरत नाही. कंपायलर म्हणजे हा दुसरा उपाय.

थॉम्पसन यांनी बीसीपीएल या केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्स यांच्या भाषेला काटून-छाटून बी नावाची चिमुकली भाषा केली होती. ती बरीचशी दुभाष्याच्या पद्धतीने चाले आणि म्हणून मंद होती. गाभा लिहायला तिचा उपयोग नव्हता. तिचा दुसरा दोष जास्त खोल होता. बी भाषेला एकच माप ठाऊक होते. धान्य असो, तेल असो की हळद, सगळे पायलीनेच मोजायचे म्हटले तर दुकान कसे चालणार? पीडीपी-७ वर हे खपून गेले. पण १९७० मध्ये पीडीपी-११ हे नवे यंत्र आले. ते मिळवण्यासाठी संस्थेच्या पेटंट विभागाला कागदपत्रे टंकलिखित करून देणारी व्यवस्था बनवू, असे कबूल करावे लागले होते. संशोधनाला पैसे काढायच्या युक्त्या सगळीकडे सारख्याच. या यंत्रात एकेका अक्षराला स्वतंत्र जागा होती, अंकांना त्याहून मोठी. अक्षराला वेगळे माप आणि अंकाला वेगळे माप असल्याशिवाय गत्यंतर नव्हते.

रिची यांनी १९७१ पासून बी भाषेत ही वेगवेगळी मापे घालायला सुरुवात केली आणि दुभाष्या काढून खरा कंपायलर बसवला. बदल इतके झाले की भाषेला नवे नाव द्यावे लागले. बी नंतरचे अक्षर सी, म्हणून सी.

तरीही १९७२ मध्ये गाभा सी मध्ये लिहायचा थॉम्पसन यांचा पहिला प्रयत्न फसला आणि त्यांनी तो सोडून दिला. फसण्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. गाभ्याला एकाच वेळी चालणाऱ्या अनेक कामांची नोंद ठेवावी लागते. कामाचा क्रमांक, ते कोणाचे, कुठल्या जागेत बसले आहे, चालू आहे की वाट पाहत आहे, ही सगळी माहिती लागते. कल्पना करा की वॉर्डात केसपेपरच नाही. नावांची एक वही, वयांची दुसरी, वजनांची तिसरी, औषधांची चौथी. प्रत्येक रुग्णासाठी चार वह्यांत सतरावी ओळ शोधायची. सी भाषेत तेव्हा केसपेपर नव्हता. रिची यांनी तो आणला. वेगवेगळ्या मापांच्या नोंदी एकत्र बांधून त्यांना एक नाव देण्याची ती सोय सी शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला स्ट्रक्चर म्हणून परिचित आहे. ती आल्यावर १९७३ च्या उन्हाळ्यात दोघांनी मिळून युनिक्सचा गाभा जवळजवळ पूर्णपणे सी मध्ये नव्याने लिहिला.

नवा गाभा जुन्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने मोठा झाला. स्मृती सोन्याच्या भावाने मिळत होती त्या काळात ही उधळपट्टी होती. पण गाभा वाचता येत होता, दुरुस्त करता येत होता आणि त्यात नव्या सोयी घालता आल्या होत्या. दोघांना हा सौदा परवडला. ऑक्टोबर १९७३ मध्ये त्यांनी आपले काम एका परिषदेत मांडले आणि १९७४ च्या जुलैमध्ये ते छापून आले. योगायोगाने त्याच १९७३ च्या डिसेंबरात, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. तिथे कामाला गेलेल्या डॉक्टर दाम्पत्याला औषधांच्या आधी माडिया शिकावी लागली. गाभ्याशी पोचायला त्याची भाषा लागते, एवढेच या दोन गोष्टींतले साम्य. ते ओढून-ताणून आणखी वाढवायला नको.

आता या निवडीची दुसरी बाजू. सी ही विश्वासावर चालणारी भाषा आहे. लिहिणारा सांगेल ते ती करते आणि उलट विचारत नाही. तीस खाटांचा वॉर्ड आहे. भाषेला सांगितले की रुग्णाला एकतिसाव्या खाटेवर झोपवा. शहाणी परिचारिका म्हणेल, इथे तीसच खाटा आहेत. सी तसे म्हणत नाही. ती तीस खाटा मोजते, भिंत ओलांडते आणि पुढच्या खोलीत त्याच अंतरावर जे काही असेल त्यावर रुग्णाला झोपवते. ते औषधांचे कपाट असेल किंवा चालू शस्त्रक्रियेचे टेबल. पावसाळ्यात हिवतापाची साथ आली की कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात एकतिसावा रुग्ण येतोच, तसे संगणकातही अपेक्षेपेक्षा मोठी माहिती येतेच.

त्या काळी दुसरा पर्याय नव्हता असेही नाही. बरोज नावाच्या कंपनीने १९६० च्या दशकातच अशी यंत्रे बनवली होती, ज्यांचे हार्डवेअरच खाटा मोजत असे. त्यांचा गाभा अल्गोल घराण्यातल्या भाषेत लिहिला होता. पण ती पद्धत त्या खास यंत्रांपुरती होती. रिची यांच्यापुढचे पीडीपी-११ पहिल्यांदा आले तेव्हा त्यात जेमतेम २४ हजार अक्षरांची स्मृती होती. दर वेळी खाटा मोजायच्या तर मोजदादीची आज्ञाच तिथली जागा आणि वेळ खाणार. हाती असलेल्या साधनात त्यांनी केलेली निवड योग्य होती असेच म्हणावे लागते. चूक नंतरच्यांची आहे. स्मृती लाखो पटींनी स्वस्त झाल्यावरही तीच सवलत घेत राहण्याचे कारण उरले नव्हते. सी मधल्या चुका हुडकणारा लिंट नावाचा वेगळा तपासनीस कार्यक्रम बेल लॅब्जमधल्याच स्टीव्ह जॉन्सन यांनी १९७० च्या दशकात लिहिला होता. तो वापरणे मात्र ऐच्छिक होते, आणि ऐच्छिक तपासण्यांचे काय होते ते मधुमेहाच्या शिबिरांतून सगळ्यांना माहीत आहे.

याच यंत्राशी जोडलेली वैद्यकातली एक दुर्घटना इथे सांगायलाच हवी. कॅनडात बनलेले थेरॅक-२५ हे कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र पीडीपी-११ घराण्यातल्या संगणकावर चाले. त्याचा स्वतःचा छोटा गाभा होता आणि तो असेंब्लीत, मुख्यतः एकाच माणसाने लिहिलेला होता. जुन्या यंत्रांतली चुकीची मात्रा रोखणारी यांत्रिक कुलपे या यंत्रातून काढून टाकली होती. सॉफ्टवेअर सांभाळेल असा भरवसा. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात सहा रुग्णांना अतिप्रचंड मात्रा गेली, काहींना ठरल्यापेक्षा जवळजवळ शंभरपट. निदान तीन मृत्यू त्या किरणांशी जोडले गेले. एका दोषात तंत्रज्ञाने पडद्यावर चुकीचे अक्षर झटपट, आठ सेकंदांच्या आत दुरुस्त केले तर यंत्राच्या एका भागाला बदल कळे आणि दुसऱ्याला कळत नसे. दुसऱ्या दोषात एक मोजणारा आकडा २५५ पर्यंत जाऊन पुन्हा शून्यावर येई, आणि शून्य म्हणजे तपासणीची गरज नाही असा अर्थ यंत्र घेत असे. सी भाषा वापरली असती तर हे टळले असते का? बहुधा नाही. पहिला दोष दोन कामांच्या वेळेच्या गोंधळाचा होता आणि दुसरा सी मध्येही तसाच लिहिता आला असता. पण वाचता येण्याजोगा गाभा दुसऱ्या कोणी तरी वाचला असता, एवढी शक्यता तरी उरली असती. रुग्णालयातही दोन परिचारिकांनी मिळून इंजेक्शनची मात्रा पडताळायची पद्धत याच कारणासाठी असते.

रिची यांच्या निवडीचा खरा लाभ १९७७-७८ च्या सुमारास दिसला. रिची, थॉम्पसन आणि जॉन्सन यांनी युनिक्स पीडीपीपेक्षा अगदी वेगळ्या जातीच्या, इंटरडेटा नावाच्या यंत्रावर नेले. गाभ्याचा बहुतेक भाग तसाच राहिला, थोडाच नव्याने लिहावा लागला. एका यंत्रासाठी लिहिलेला गाभा दुसऱ्या यंत्रावर जातो, हे तोवर कोणी फारसे गृहीत धरत नसे. टेलिफोन कंपनीला कायदेशीर बंधनांमुळे संगणकाचा धंदा करता येत नव्हता, म्हणून युनिक्स विद्यापीठांना अल्प दरात मिळे आणि विद्यार्थी ते उघडून वाचत. १९७८ मध्ये ब्रायन कर्निगन यांच्यासह रिची यांनी सी वरचे पुस्तक लिहिले. सव्वादोनशे पानांचे, कोरडे, एकही शब्द जास्त नसलेले. आपल्याकडे या भाषेचे दार बहुतेकांसाठी नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकाने उघडले. नव्वदच्या दशकात विदर्भातल्या अभियांत्रिकी वसतिगृहांत ते नसलेली खोली सापडणे कठीण होते. पुण्याच्या सी-डॅकने १९९८ मध्ये परम १०००० महासंगणक उभारला तोही युनिक्स घराण्यातल्या प्रणालीवर. आणि १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने युनिक्सच्या धर्तीवर सी मध्ये लिहिलेला लिनक्स हा गाभा आज आशाताईंच्या अँड्रॉइड फोनमध्ये आहे.

या सगळ्या काळात रिची एकाच संस्थेत राहिले. दुपारकडे कामावर यायचे, रात्री उशिरापर्यंत बसायचे. सहकारी त्यांना डीएमआर या तीन अक्षरांनी ओळखत, कारण संगणकावरचे त्यांचे नाव तेच होते. लग्न केले नाही. बोलणे कमी, टवाळखोरी बारीक. आपल्या भाषेच्या खोडी त्यांनी लपवल्या नाहीत. १९९३ मध्ये सी चा इतिहास लिहिताना तिच्यातल्या विचित्र मांडण्यांची कबुली त्यांनी स्वतःच दिली. १९८३ मध्ये थॉम्पसन यांच्याबरोबर त्यांना संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, पुढे अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक. युनिक्सनंतर प्लॅन ९ आणि इन्फर्नो या प्रणालींवर ते काम करत राहिले. त्या दोन्ही युनिक्सहून सुबक होत्या आणि दोन्ही फारशा पसरल्या नाहीत. चांगले आहे म्हणून जुने पुरेसे चांगले मागे हटत नाही, हे औषधांच्या बाबतीतही दिसते. २००७ मध्ये ते निवृत्त झाले.

शेवटच्या वर्षांत पुरःस्थ ग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या कर्करोगावर आणि हृदयविकारावर त्यांचे उपचार झाले होते. साठीनंतरच्या पुरुषांत या दोन आजारांची जोडी वारंवार दिसते. एकट्या राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत त्यात तिसरी अडचण मिसळते. रात्री छातीत दुखू लागले तर पाणी द्यायला किंवा शेजाऱ्याला हाक मारायला घरात कोणी नसते. २०११ मध्ये रिची आणि थॉम्पसन यांना जपान प्राइझ जाहीर झाले. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला ते न्यू जर्सीतील बर्कली हाइट्सच्या राहत्या घरी मृतावस्थेत आढळले. वय ७०. आठवडाभर आधी, ५ ऑक्टोबरला, स्टीव्ह जॉब्ज गेले होते आणि जगभरची वर्तमानपत्रे त्यांच्या छायाचित्रांनी भरलेली होती. आयफोनच्या गाभ्यातही युनिक्सचा वारसा आणि सी भाषाच आहे. रिची यांची बातमी आतल्या पानावर आली, काही ठिकाणी आलीच नाही.

एकतिसाव्या खाटेचा प्रश्न त्यांच्यानंतरही राहिला. १९८८ मध्येच त्या भोकातून एक किडा इंटरनेटवर पसरला होता. तो सोडणारा विद्यार्थी बेल लॅब्जमधल्या रिची यांच्या एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा निघाला. १२ मे २०१७ चा प्रसंग आरोग्यसेवेला जास्त झोंबणारा होता. वॉनाक्राय हा खंडणी मागणारा विषाणू विंडोजच्या गाभ्याच्या पातळीवर चालणाऱ्या, फाइलींची देवाणघेवाण करणाऱ्या भागातून शिरला. तिथे मोठ्या मापातला आकडा लहान मापाच्या जागेत बसवताना चूक झाली होती आणि माहिती शेजारच्या जागेत सांडत होती. ती बुजवणारी दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती, अनेकांनी ती बसवली नव्हती. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या सुमारे एक तृतीयांश रुग्णालय संस्थांचे काम विस्कळीत झाले. हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या, रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या. दोन वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी सांगितले की, दरवर्षी त्यांच्या उत्पादनांत बुजवल्या जाणाऱ्या सुरक्षेच्या भोकांपैकी सुमारे ७० टक्के याच, म्हणजे स्मृती चुकीची हाताळण्याच्या जातीची असतात.

म्हणून गाभ्याच्या भाषेचा प्रश्न पुन्हा उघडला आहे. ग्रेडन होअर यांनी २००६ मध्ये फावल्या वेळात सुरू केलेली रस्ट ही भाषा अनुवाद करतानाच खाटांचा आणि त्यांच्या मालकीचा हिशेब तपासते. हिशेब जुळला नाही तर अनुवाद करायलाच नकार देते, आणि जे अनुवादाच्या वेळी कळत नाही ते कार्यक्रम चालताना अडवते. वेग सी च्या जवळपास. डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्सच्या ६.१ आवृत्तीत रस्टला पहिल्यांदा जागा मिळाली. तरी गाभ्यातल्या कोट्यवधी ओळी सी च्याच आहेत. त्या एका रात्रीत बदलता येत नाहीत, आणि जे अनेक वर्षे घासून-पुसून चालते आहे ते बदलताना नव्या चुका शिरण्याचा धोका असतो. गाभा सांभाळणाऱ्यांमध्ये यावरून कडाक्याचे वाद झाले, काहींनी काम सोडले. सध्या नवे तुकडे रस्टमध्ये आणि जुने सी मध्ये, असे शेजारी-शेजारी नांदणे चालू आहे.

रिची यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या भावंडांनी हरवलेल्या प्रबंधाचा शोध घेतला. १९६८ ची टंकलिखित प्रत सापडली आणि आता ती कॅलिफोर्नियातल्या संगणक इतिहास संग्रहालयाकडे आहे. २०२० मध्ये ती सर्वांना वाचायला खुली झाली.